चुकलेली वारी आणि सुटलेले पोट

ज्येष्ठ लागला की आमच्या ओसरीवर एकच विषय असतो. कुणी पडशी झटकून उन्हात टाकतो, कुणी दिंडीची वर्गणी गोळा करतो, कुणी तंबूच्या कनातीला ठिगळ लावीत बसतो. परंतु गेल्या काही वर्षांत या बोलण्यात एक शब्द बदलला आहे. पूर्वी माणसे एकमेकांस विचारीत, "काय माउली, यंदा निघणार ना?" आता विचारतात, "काय माउली, यंदा जमणार ना?" निघणे हे मनाचे असते, जमणे हे देहाचे. हा शब्द केव्हा बदलला याचा आम्ही मागोवा घेऊ लागलो, तेव्हा बोट २०२० आणि २०२१ या दोन सालांवर येऊन थांबले.

ती साले वाचकांस सांगायला नकोत. तरीही पुढच्या पिढीसाठी तारखा लिहून ठेवतो. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश दाराआड गेला. मुदत एकवीस दिवसांची होती; ती वाढत वाढत मेअखेरीस पोहोचली. पंढरीचे मंदिर १७ मार्चलाच दर्शनास बंद झाले होते, ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडले. देहूहून १२ जूनला आणि आळंदीहून १३ जूनला मोजक्या माणसांत प्रस्थान झाले खरे, पण पादुका वाटेला लागल्या नाहीत. ३० जूनला त्या एस.टी.च्या गाडीत बसून एका दिवसात पंढरपुरास पोहोचल्या आणि १ जुलैला आषाढी झाली. पुढच्या वर्षी, १९ जुलै २०२१ला, पुन्हा गाड्यांनीच पालख्या वाखरीपर्यंत गेल्या. दिवेघाट दोन आषाढ ओस राहिला.

वारी चुकली म्हणून आपण रडलो. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, पुष्कळ बोलले गेले, आम्हीही बोललो. पण त्या दोन वर्षांत ज्या पायांनी वारी चालायची त्या पायांचे काय झाले, ज्या पोटाला दिंडीत पंगतीची शिस्त होती त्या पोटाचे काय झाले, याविषयी कुणी फारसे बोलले नाही. बोलले ते थट्टेने बोलले. प्रस्तुत लेखात तोच विषय घेतला आहे. प्रश्न साधा दिसतो, पण धर्माचा आहे : घरात कोंडलेल्या देहाची काळजी करणे हे भक्ताचे काम आहे काय? आणि ज्याचे वजन वाढले तो चुकला, ज्याचे उतरले तो जिंकला, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार आहे काय?

आधी झाले काय ते पाहू. माणूस चालायचा थांबला. मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय असते. अशा एका मोजणीत १८७ देशांतील साडेचार लाखांहून अधिक माणसांची पावले तपासली गेली. ११ मार्च २०२० रोजी जागतिक साथ जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांत सरासरी पावले २७ टक्क्यांनी घटली होती. आपल्याकडे तर सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींना पोलिसांनी चौकात उठाबशा काढायला लावल्या. राज्यात मोकळ्यावर चालण्या-धावण्यास ३ जूनपासून परवानगी मिळाली, व्यायामशाळा २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. मधल्या काळात घरोघर काय चालले होते? दुपारी झोप, रात्री जागरण. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागले, त्याच्या समोर ताटे. आणि वेळ जात नाही म्हणून काहीतरी तळणे. काळजीनेही माणूस खातो. हात रिकामा, मन भरलेले, मग डबा उघडतो. पुष्कळांना भूक नव्हतीच, भीती होती.

याचा हिशेब कठीण नाही. एक पोळी म्हणजे साधारण शंभर कॅलरी. रोज एक पोळी गरजेपेक्षा अधिक खाल्ली तर शंभर दिवसांत दहा हजार कॅलरी साठतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला एका पोळीने, कुणाच्या लक्षातही न येता, किलो-सव्वा किलोचा भार चढतो. शिवाय चालणे बंद, तो भाग वेगळाच. आणि काट्यावर न दिसणारी गोष्ट याहून वाईट. बसून राहिलेल्या देहाचे स्नायू झिजतात, म्हाताऱ्या देहाचे लवकर झिजतात. वजन होते तेवढेच राहते, पण मांस जाऊन त्याच्या जागी चरबी येते. काटा म्हणतो, "काही बदल नाही". आणि उंबरा ओलांडताना तोल जातो.

आता पहिली शंका. आमच्या गावातील एक ज्येष्ठ वारकरी आम्हांस म्हणाले, "बुवा, हे सारं डॉक्टरानं सांगावं. तुम्ही कशाला सांगता? देह जायचाच आहे. जायच्या वस्तूचं वजन काय करायचं?"

बोलणे ऐकायला गोड आहे. आम्हीही तरुणपणी असेच बोलत होतो. पण त्यांना आम्ही सप्ताहातली वीणा दाखवली. सप्ताहात वीणा पहाऱ्याने उभी असते. ज्याच्या गळ्यात ती असते त्याच्या मालकीची ती नसते. दोन तासांचा पहारा झाला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण म्हणून कुणी ती जमिनीवर टाकतो काय? तार सुटली तर लावतो, भोपळ्याला धक्का लागू देत नाही, पावसात उपरणे स्वतःच्या डोक्यावर न घेता तिच्यावर घालतो. जे आपले नाही तेच अधिक जपायचे असते, कारण ते परत करायचे असते. देहही तसाच पहाऱ्याला मिळाला आहे. "माझा देह" म्हणून जो आरशासमोर उभा राहतो त्याला देहाभिमानी म्हणा. पण "माझा नाही" म्हणून जो तो धुळीत टाकतो, तो विरक्त नव्हे, तो निष्काळजी. विरक्ती आणि निष्काळजीपणा यांचे कपडे एकसारखे असतात, म्हणून फसायला होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागणे या सर्वांना माप सांगितले आहे. अति खाणाराला योग नाही आणि अजिबात न खाणारालाही नाही. म्हणजे हा विषय डॉक्टरांच्या जन्माआधीचा आहे, आणि अध्यात्माच्या घरातलाच आहे. म्हाताऱ्या माउलींनी हे ऐकले, हसले आणि म्हणाले, "वीणेचं पटलं." त्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाण्याचा आम्हांस अधिकार नाही.

२०२१च्या माघात थोड्या माणसांत एका गावी आमचे प्रवचन होते. वर्षभर तोंड बंद, म्हणून बोलण्याचा जोर अधिक. संयमाचा विषय निघाला आणि आम्ही विनोद केला : "या साथीनं कुणाचे प्राण नेले, कुणाचा धंदा नेला, आणि काही मंडळींना मात्र भरभरून दिलं. काय दिलं? पोट!" लोक पोट धरून हसले. आम्ही आणखी दोन वाक्ये चढवली. लठ्ठपणा म्हणजे आळसाची पावती, असे काहीसे बोललो. टाळ्या पडल्या.

प्रवचन झाल्यावर एक बाई नमस्काराला आल्या. तालुक्याच्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या. म्हणाल्या, "महाराज, मी पण हसले. हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं असतं." आम्ही गप्प झालो. मग त्यांनी सावकाश सांगितले. रात्रपाळ्या. अंगभर तो प्लास्टिकचा पोशाख, पाणी प्यायले तर लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीही नाही. सकाळी घरी आले की वेगळी खोली, कारण सासू म्हातारी आणि मूल लहान. दारात ताट ठेवलेले असे, ते जेव्हा उठतील तेव्हा खायचे. नसेल तेव्हा बिस्किटे. दिवसा झोप लागत नाही, रात्री झोपायचे नाही. मग त्यांनाच आजार झाला, औषधात स्टेरॉइड दिली गेली. वर्षभरात अकरा किलो वजन वाढले. "महाराज, ती आळसाची पावती नव्हती. पण तुमचं म्हणणं आता गावात चालू झालं."

त्या गेल्या आणि आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. टाळ्या मिळाल्या होत्या, पण त्या कुणाच्या पाठीवर पडल्या ते आम्ही पाहिले नव्हते.

तेवढ्यावर शहाणपण आले असते तरी पुरे होते. पण त्याच महिन्यात बाजारात एक ओळखीचे आचारी भेटले. लग्नांत, सप्ताहांत शेकडो पानांचा स्वयंपाक करणारा माणूस. पूर्वी अंगाने भरलेला. आता अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. आम्ही मोठ्या प्रेमाने म्हणालो, "वा! तब्येत काय छान केलीत हो! योगासनं का?"

ते म्हणाले, "नाही महाराज, उपास."

"कुठला?"

"चुलीचा."

लग्ने बंद, सप्ताह बंद, यात्रा बंद. आचाऱ्याला कोण बोलावणार? एप्रिल २०२० पासून सरकारने माणशी पाच किलो धान्य फुकट दिले, ते पुष्कळांच्या कामी आले. पण यांचे रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातल्या मूळ गावी होते. शिवभोजनाची थाळी दहाची पाच रुपयांना झाली होती, पण केंद्र होते शहरात आणि वाहन बंद. घरात मुले आधी जेवत, मग बायको, मग हे. ज्याने हजारोंना वाढले त्याच्या पानात वाढायला काही नव्हते, आणि आम्ही त्या भुकेचे कौतुक करीत उभे होतो.

सज्जनहो, एका महिन्यात आम्ही दोन माणसांच्या देहावर बोललो. एकीची थट्टा केली, एकाची स्तुती केली, आणि दोन्ही वेळा खोटे बोललो. काट्यावर वजन दिसते, कारण दिसत नाही. आकडा चढला त्यात जागरण असेल, औषध असेल, शोक असेल, आणि हो, जिभेचे लाडही असतील. आकडा उतरला त्यात व्यायाम असेल, आजार असेल, उपासमार असेल. आकड्यावरून पुण्य-पाप काढणारा माणूस कपाळावरच्या बुक्क्यावरून भक्ती मोजणाऱ्यासारखाच आहे. म्हणून आमचा पहिला निर्णय असा : वजन ही गुणाची किंवा दोषाची खूण नव्हे. दुसऱ्याच्या देहावर, न विचारता, चांगले किंवा वाईट बोलू नये. वाईट बोलू नये हे सर्वांना कळते. चांगलेही बोलू नये, हे आम्हांस त्या आचाऱ्याने शिकवले.

कोणी म्हणेल, "मग झाले! वजनाचा दोष कुणाचा नाही म्हटले की सगळे सुटले. खा आणि झोपा." तसे नव्हे. वजन हे फळ आहे. फळ सर्वस्वी आपल्या हाती नसते. पण उठणे, चालणे, ताटावरून वेळेवर हात धुणे, हे कर्म आहे, आणि ज्याला ते करता येत होते त्याने ते केले की नाही हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. दुसऱ्याचा न्याय करताना फळ पाहू नये, स्वतःचा करताना कर्म सोडू नये. आम्ही नेमके उलटे करतो.

परंतु "ज्याला करता येत होते" हे शब्द इथे घाईने ओलांडून चालणार नाहीत. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून निघालेले मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रेल्वेच्या रुळांवरून चालत होते. दमले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. आता गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली ही गोष्ट. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडलेल्या सर्वांनी चित्रांत पाहिल्या. ज्या दिवसांत आम्ही "चालणे बंद झाले हो" म्हणून घरात हळहळत होतो, त्याच दिवसांत ही माणसे चालत होती. त्यांचे चालणे व्यायाम नव्हते, वारी नव्हती. त्यांच्या वाटेवर कुणी पाण्याचा तांब्या घेऊन उभे असले तर ते त्यांचे नशीब. पावले मोजणाऱ्या मोबाइलच्या हिशेबात ती पावले बहुधा आलीच नसतील.

म्हणजे टाळेबंदीत लठ्ठ होणे हीदेखील एक चैन होती, आणि ती सर्वांच्या वाट्याला आली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी २४ जणींचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते आणि जवळजवळ १९ जणींचे कमी. पुरुषांतही असेच : सुमारे २३ जड, १६ हलके. एकाच देशात, कधी एकाच आळीत, एका घरी पोळी उरते म्हणून खाल्ली जाते आणि शेजारी ती पुरत नाही म्हणून निजतात. वैद्यकाने दोघांना वेगवेगळे औषध दिले तरी रोग एकच आहे. पंगत मोडली आहे. दिंडीत वाढपी पुढे आला की तो पान पाहतो, मानकरी पाहत नाही. आणि शेवटच्या पानापर्यंत भात पोहोचल्याशिवाय पहिला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही. ही शिस्त वारीत पाळणाऱ्या आमच्यातल्या किती जणांनी ती टाळेबंदीत आळीत पाळली? ज्यांनी शिधा बांधून दिला त्यांना आम्ही ओळखतो; त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. आम्ही स्वतः उशिरा जागे झालो हे कबूल करतो. आपली एक पोळी कमी करणे हा अर्धा संयम. ती पोळी कुठे गेली हे पाहणे हा उरलेला अर्धा.

आता व्यायामाच्या सवयीकडे येऊ. आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटत होते. जी माणसे आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर उन्हापावसात चालतात, ती घरात बसल्यावर अंगणातही चालली नाहीत. असे का व्हावे? वारकऱ्याला चालण्याचा कंटाळा नाही. मग?

विचार केल्यावर आम्हांस असे दिसले की आपण चालत नव्हतो, आपल्याला चालवले जात होते. पुढे पताका, मागे विणेकरी, दोन्ही अंगांना टाळ. त्या लोंढ्यात पाय आपोआप उचलतात. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, त्यात दिवेघाट. एकट्याला सांगितले तर छाती दडपेल, दिंडीत तो कधी सरला कळतही नाही. ही संगतीची कृपा आहे आणि ती थोर आहे. पण कृपेचे एक असते : ती मिळाली तेव्हा ती आपली कमाई आहे असे वाटू लागते. लोंढा थांबला, तेव्हा उघडे पडले की उत्सव आपल्याला साधला होता, नेम साधला नव्हता.

पुन्हा हिशेब करू. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालतो तेव्हा सुमारे पन्नास कॅलरी खर्चतो. अडीचशे किलोमीटरला साडेबारा हजार. म्हणजे सबंध वारी चालूनही दीड-पावणेदोन किलो चरबीइतकीच शक्ती जळते. आणि वाटेवरच्या अन्नदात्यांची बुंदी, शिरा, भजी ध्यानात घेतली तर तेही परत भरून येते. मग वारीने देह चांगला राहतो असे आपण कशाच्या जोरावर म्हणत होतो? खरे असे आहे की पूर्वीचा वारकरी वर्षभर शेतात चालत, वाकत, उचलत होता. वारी त्या कष्टाचा कळस होती. आता पुष्कळांचे वर्ष बसून जाते आणि वीस दिवस चालण्यात. पाया नसताना कळस ठेवला, तर तो टाळेबंदीने नाही तर गुडघ्याने एक दिवस खाली येणारच. एकादशीचेही तसेच. उपवासाने पोटाला विसावा द्यायचा. आम्ही साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू असा त्याला ओव्हरटाइम लावतो. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही.

सावता महाराजांविषयी सांगतात की ते अरणचा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत; मळ्यातच त्यांना पंढरी होती. टाळेबंदीत ही गोष्ट आपण एकमेकांना पुष्कळदा सांगितली, "देव घरी आला" म्हणून समाधान मानले. पण त्या गोष्टीतला मळा आपण विसरलो. सावतोबा घरी बसले नव्हते. ते खुरपत होते, मोट हाकत होते, वाफे धरीत होते. न जाणे आणि न हलणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

आमच्या आळीत एक अक्का आहेत, वय सत्तरीच्या पुढे. २०२० च्या ज्येष्ठात त्यांनी काय केले? प्रस्थानाच्या दिवशी तुळशीवृंदावनाला हळदकुंकू वाहिले आणि त्याच्याभोवती चालू लागल्या. रोज पहाटे अर्धा तास, सांजेला अर्धा तास. हातात टाळ, मुखी नाम, मध्येच चार पावले पावलीची. सून म्हणे, "आत्या, चक्कर येईल." अक्का म्हणत, "येईना का चक्कर, चकराच घालतेय की." आषाढी झाली तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांना विचारले, "अक्का, हे देवासाठी का गुडघ्यासाठी?" त्या म्हणाल्या, "गुडघा काय सैतानाचा हाय व्हय?" आमच्या सगळ्या प्रवचनांचा सार त्यात आला. जिथे देवासाठी आणि देहासाठी असे दोन वेगळे खाते उघडावे लागत नाही, तिथे नेम टिकतो.

आणि आता ते ज्येष्ठ वारकरी. वीणेचे त्यांना पटले होते, पण पटणे आणि वळणे यांत अंतर असते. दोन वर्षे त्यांनी खाटेवर बसून नाम घेतले. नामात खंड नाही; आम्ही साक्ष आहोत. २०२२ साली पालख्या पुन्हा वाटेने निघाल्या. सबंध दिंडी आनंदाने वेडी झाली होती. तेही निघाले. पण दिवेघाटाच्या पायथ्याशी त्यांचे पाय थरथरू लागले. दोघांनी धरले, शंभर पावले गेले, आणि बसले. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांना दिंडीच्या ट्रकमध्ये सामानाबरोबर चढवावे लागले. आम्ही जवळ गेलो तेव्हा डोळ्यांत पाणी होते. आम्ही म्हणालो, "माउली, ट्रकात बसला म्हणून वारी कमी होत नाही." ते म्हणाले, "ते मला कळतं हो. पाय वयानं गेले असते तर रडलो नसतो. हे मी घालवले. वीणा मी भुईवर ठेवली."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. त्यांना दोष द्यावा असे मनात आले नाही, आणि "तुमचा दोष नाही" म्हणावे तर तेही खोटे झाले असते. ज्याने स्वतःचा न्याय स्वतः केला आहे त्याच्या शेजारी नुसते बसावे. आम्ही बसलो. घाट चढेपर्यंत ट्रकातच नामस्मरण झाले. पुढे लोणंदला ते सकाळी तंबूभोवती दहा-दहा पावले टाकू लागले, आणि घरी परतल्यावर ते चालू ठेवले. आता ते दिवेघाट चढत नाहीत. पण वाखरीपासून पंढरीपर्यंत चालतात. एवढे त्यांनी परत मिळवले.

उलट टोकाचीही माणसे आम्ही पाहिली. घरात बसून काहींनी देह कमावला, चांगले केले; पण मग दिवसातून तीनदा काट्यावर उभे राहणे, पोळी मोजून घेणे, आणि समोरच्याची पोळीही मोजणे सुरू झाले. पंगतीत प्रसाद आला तर "यात किती साखर?" असे विचारून वाढणाऱ्याला ओशाळे केले. मधुमेह असेल त्याने हात जोडून कणभर घ्यावा, त्यात काही कमी होत नाही. पण देह जिंकल्याचा ताठा हा देहाभिमानच. पोट गेले आणि ताठा आला तर वजन उतरले असे कसे म्हणावे?

तात्पर्य काय? आम्ही वैद्य नव्हे, तरी जाणकारांकडून ऐकलेले, स्वतः करून पाहिलेले चार शब्द सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे बेताच्या श्रमाची हालचाल सांगितली आहे. म्हणजे दिवसाला अर्धा तास जरा भरभर चालणे. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीनदा करावा असे म्हटले आहे. पावली खेळताना आपण दुसरे काय करतो? वारीची तयारी ज्येष्ठात नव्हे, कार्तिकीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावी. ज्यांना आजार होऊन गेला, दम लागतो, छातीत दुखते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाऊल वाढवावे. एकादशीला फळ, दूध, आणि पोटाला खरा विसावा. घरातल्या बाईचे काम म्हणजे व्यायामच, असे म्हणून तिला मोकळ्या हवेतल्या अर्ध्या तासाला मुकवू नये. त्या अर्ध्या तासात भांडी कुणी घासायची ते पुरुषांनी ठरवावे. आणि आळीत कुणाचे वजन अचानक उतरले दिसले, तर कौतुक करण्याआधी त्याची चूल पेटते की नाही ते पाहावे.

ती परिचारिका ताई आम्हांस पुन्हा भेटल्या. आम्ही त्याच गावात, त्याच व्यासपीठावरून आमचे शब्द मागे घेतले होते. ते त्यांच्या कानावर गेले होते. वजन किती उतरले वगैरे आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. म्हणाल्या, "महाराज, यंदा चार दिवसांची रजा मिळाली आहे. फलटणपासून येईन म्हणते." आम्ही म्हणालो, "या माउली."

निघणे मनाचे, जमणे देहाचे, असे आम्ही आरंभी लिहिले. आता वाटते की दोहोंत एवढे अंतर राहू न देणे, हेच वर्षभराचे काम आहे. पहारा आपला आहे तोवर तार लावलेली असावी. आणि शेजारच्याच्या गळ्यातली वीणा जड झालेली दिसली तर तिच्यावर न हसता जरा वेळ आपण घ्यावी.

रामकृष्णहरी.